रोशा तेलाची भट्टी: आमची वाटचाल

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आम्ही रोशा नावाच्या सुगंधी गवताचं तेल काढतो. कारखाना लहान आहे. एक बॉयलर, गवत भरायच्या टाक्या, वाफ थंड करणारा कंडेन्सर आणि हंगामात राबणारी आसपासच्या पाड्यांवरची माणसं. आमचं तेल पिंपांतून साबण आणि अगरबत्ती करणाऱ्यांकडे जातं आणि तिथे गुलाबाच्या वासात मिसळून जातं.

चांगल्या रोशा तेलात साधारण 75 ते 85 टक्के जिरॅनिऑल हे सुगंधी द्रव्य असतं. गुलाबाच्या सुगंधातही हाच घटक महत्त्वाचा. म्हणून एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जायचं आणि तिथे गुलाबाच्या महागड्या तेलात मिसळलं जायचं. युरोपात त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ म्हणत. गवत इथलं, कापणारे हात इथले आणि नाव मात्र तुर्कस्तानचं! हे वाचलं तेव्हा जीव तळमळला. आपलं तेल ‘रोशा’ या नावानंच आणि निर्भेळच विकायचं, हे तेव्हाच ठरवलं.

ठरवणं सोपं होतं, पाळणं अवघड. या गवताचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला जवळजवळ सारखे, पण तेलात मोठा फरक. मोतियाला कोरडे, निचऱ्याचे उतार मानवतात आणि त्याचं तेल गुलाबाच्या अंगानं जातं. सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल बरंच कमी असतं आणि वासही उग्र. दोन्ही एका टाकीत पडले की मालाची किंमत गेलीच. पाड्यावरच्या बायका पातं चुरगळून नुसत्या वासावर मोतिया वेगळा काढतात. आमचा खरा प्रयोगशाळा-विभाग हाच, असं मी मनापासून मानतो, आणि म्हणून निवडीची मजुरी आम्ही कापणीहून वेगळी देतो.

ऊर्ध्वपातनाचं, म्हणजे वाफेनं तेल काढण्याचं, शास्त्र आम्ही कनौजच्या सुगंध व स्वाद विकास केंद्रात शिकलो. हे केंद्र 1991 सालचं. तेल मुख्यतः फुलोऱ्यात असतं, त्यामुळे कापणी फुलोरा भरात असतानाच हवी. शंभर किलो ओल्या गवतातून बहुधा किलोभरही तेल निघत नाही. वाफ हळू सोडावी लागते. घाई केली तर गवतातून वाफेला वाटा फुटतात आणि बरंच तेल गवतातच राहतं. पाण्यावर तरंगणारं तेल अलग केलं की ते गाळायचं, त्यातला ओलावा काढायचा आणि उजेडापासून दूर ठेवायचं. चोथा आम्ही वाळवून बॉयलरखाली जाळतो. लाकूड विकत घ्यावं लागत नाही आणि डोंगरही तुटत नाही.

सुरुवातीला खरेदीदार बाटली हुंगून भाव सांगायचे. आता ते गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीचा, अहवाल मागतात, आणि ते मला फार आवडतं. टर्पेंटाइन किंवा दुसरं स्वस्त तेल मिसळलेलं असेल तर अहवालात दिसतं. प्रामाणिक माणसाला याहून मोठा आधार कुठला?

खरी स्पर्धा कृत्रिम जिरॅनिऑलची आहे. ते टर्पेंटाइनमधल्या पाइनिन या घटकापासून कारखान्यात बनतं, वर्षभर मिळतं आणि स्वस्त पडतं. भावात आम्ही त्याच्याशी लढूच शकत नाही. पण रोशा तेलात जिरॅनिऑलसोबत जिरॅनिल ॲसिटेट आणि थोडं लिनालूल ही दुसरी सुगंधी द्रव्यं असतात, आणि गवताची एक ओलसर, गोडसर झाक असते. ती ज्याला हवी, तोच आमचं गिऱ्हाईक.

रानातलं गवत घ्यायचं तर कायदाही पाळायला हवा. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपजावर, म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या वस्तूंवर, गावाचा हक्क मानला, म्हणून आमचा सौदा ग्रामसभेशी, सगळ्यांसमोर होतो. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे राज्य जैवविविधता मंडळाला कळवणं आणि लाभाचा वाटा देणं आलं. कागदपत्रं किचकट आहेत, लहान उद्योजकाला ती जड जातात. तरी वाटा देण्याबद्दल माझी तक्रार नाही. हे गवत आम्ही पेरलेलं नव्हतं.

आता पेरतो. प्रत्येक उतारावरचा काही पट्टा बी धरेपर्यंत न कापता सोडतो आणि तेच मोतियाचं बी शेतकऱ्यांना पडीक, मुरमाड बांधांसाठी देतो. एकदा लागलं की हे गवत काही वर्षं टिकतं, फुटवे घेतं, आणि गुरं त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. ज्यांनी आधी लावलं, त्यांचा माल आता रानातल्या गवतासोबत टाकीत येतो. पुढच्या हंगामात त्यांच्या बांधांजवळच एक छोटी भट्टी उभी करतोय, म्हणजे ओलं गवत डोंगर उतरून वाहून आणायचे कष्ट आणि पैसा दोन्ही वाचतील.