तुम्ही विचारलंत म्हणून: उताऱ्यावर नाव आहे की, मग आणखी काय बघायचं?

नात्यात, गल्लीत कुणी घर घ्यायला निघालं की मला फोन येतोच. "अगं, मालकाचं नाव उताऱ्यावर आहे, मी स्वतः बघितलंय, आणखी काय बघायचं असतंय?" परवा इथल्याच, बेळगावजवळच्या हिंडलग्याहून मावसभावानंही हेच विचारलं, म्हणून नीट लिहिते.

उताऱ्यावर नाव म्हणजे मालकी नव्हे. सिटी सर्व्हेचा उतारा घ्या, घरपट्टीची पावती घ्या नाहीतर आताचा ई-खाता, म्हणजे मिळकतीची ऑनलाइन नोंद घ्या, ह्या सगळ्या नोंदी आहेत. ऑक्टोबर 2024 पासून कर्नाटकात ई-खात्याशिवाय खरेदी रजिस्टर होत नाही, त्यामुळे लोकांना वाटायला लागलंय की सरकारनंच गॅरंटी दिली. तसं नाही हो. मालकी येते ती खरेदीपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र, वारसा यातून, आणि ती साखळी कुठं तुटली असेल तर नुसता उतारा तुम्हाला वाचवत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. 2009 साली बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बेळगावातल्या वडगावात घर घेतलं, शेजारी माग चालायचे, दोन खोल्या आणि मागं न्हाणीघर. विकणाऱ्याचं एकट्याचं नाव उताऱ्यावर. फाइलमध्ये त्याच्या आजोबांचं मुंबई राज्याच्या काळातलं मराठी खरेदीपत्र होतं, ते बाबांनी दोनदा वाचलं, आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं. बाकी सगळं कन्नडमध्ये. बाबा कन्नड फडाफडा बोलतात पण वाचता येत नाही, ती पानं त्यांनी नुसती उलटली. चार वर्षांनी कोर्टाची नोटीस आली, तीही कन्नडमध्येच, शेजारच्या कॉलेजच्या पोरीनं उंबऱ्यात उभं राहून वाचून दाखवली. विकणाऱ्याच्या दोन बहिणी, एक गडहिंग्लजला दिलेली, एक निपाणीला, त्यांनी हिस्सा मागितला होता. मग ती जुनी फाइल काढली तर वंशावळीच्या कागदावर दोघींची नावं होती की! पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये होती.

विकणारा, म्हणजे त्यांचा भाऊ म्हणाला, मी साडीचोळी केलीय, लग्नात दागिने घातलेत, बाँडवर त्यांची सही पण आहे. पण साडीचोळीनं हक्क सुटत नाही, आणि रजिस्टर न केलेल्या बाँडच्या हक्कसोडीला कोर्टात अर्थ नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी मुलाच्या बरोबरीला आली, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की 2005 ला वडील हयात नसले तरी तिचा हक्क जात नाही. मला त्या दोघींचा राग कधीच आला नाही, त्यांचं त्यांना मिळायलाच पाहिजे होतं. शेवटी तडजोड झाली, बाबांनी पैसे भरले, दोघींनी सबरजिस्ट्रारसमोर सही करून कागद लिहून दिला.

ईसीबद्दल, म्हणजे सबरजिस्ट्रारकडच्या बोजा दाखल्याबद्दल पण विचारतात. ईसी क्लीन आहे म्हणजे बोजा नाही, एवढ्यावर थांबू नका, त्यात फक्त रजिस्टर झालेले व्यवहार दिसतात, वारसाचं भांडण किंवा तोंडी वाटणी दिसत नाही. आणि ऑनलाइन निघते ती 2004 नंतरची, मागची ऑफिसातून काढून घ्या. संचकारपत्र, म्हणजे विसार देऊन केलेला करार, झालं म्हणजे घर आपलं झालं असंही समजू नका, खरेदीपत्र रजिस्टर होईपर्यंत मालक तोच. संचकार रोख देऊ-घेऊ नका, 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर पैसे घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो.

आणि कन्नड कागद एक-एक ओळ कुणाकडून तरी वाचून घ्या. दलालाकडून नको, त्याला घाई असते. आपल्या ओळखीच्या पोराला शंभर प्रश्न विचारा, "हे नाव कुणाचं? ही कोण लागते?" हे विचारायला लाजू नका.

गेल्या वर्षी ते वडगावचं घर आम्ही विकलं. घेणारा मोबाइलमध्ये उताऱ्याचा फोटो घेऊन आला होता, म्हणाला काकू एवढं बास. मी त्याला बसवलं, चहा दिला आणि फाइलमधून बहिणींचा कागद सगळ्यात वर काढून ठेवला. तो म्हणाला, "हे कशाला?" तासभर गेला सांगण्यात. उठताना त्यानं विचारलं, "तुम्हाला नणंदा आहेत काय?"

दोन आहेत म्हटलं, त्या रविवारी येणार आहेत सही करायला.