निर्बंध मागतंय कोण, ते आधी बघा

निर्बंधांचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, अहो याने राजवटीचं काही वाकडं होत नाही, मरतो तो गरीब. इराकच्या बाबतीत हे शंभर टक्के खरंय. १९९० ला कुवेतवर हल्ला केला म्हणून युनोने व्यापार बंद केला, तो २००३ पर्यंत चालला, सद्दाम जागचा हलला नाही आणि लोकांना साधी औषधं मिळेनात, शेवटी तिथलं युनोचंच मदतकार्य बघणारे डेनिस हॅलिडे १९९८ ला राजीनामा देऊन बाहेर पडले. पण तेवढ्यावरून सगळेच निर्बंध बेकार असं म्हणणं मला पटत नाही, कारण दक्षिण आफ्रिका, तिथली गोऱ्यांची वर्णभेदी राजवट.

दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता, हे आपल्याकडे किती जणांना माहितीये? १९४६ साली, म्हणजे स्वातंत्र्यही मिळालं नव्हतं. तिथल्या भारतीयांच्या जमीनखरेदीवर बंधनं घालणारा कायदा आला आणि इथून व्यापार बंद, आपल्या निर्यातीतला साधारण ५.५ टक्के माल तिकडे जायचा तरीही. पुढे १९७४ ला टेनिसच्या डेव्हिस कपची फायनल होती त्यांच्याशी, अमृतराज बंधू टीममध्ये, आणि आपण खेळायला गेलोच नाही, कप त्यांना सोडून दिला. मला याचा आजही अभिमान वाटतो. (सगळंच स्वच्छ होतं असं नाही, दक्षिण आफ्रिकेच्या डी बिअर्स कंपनीचा कच्चा हिरा लंडनमार्गे मुंबई-सुरतेत येतच होता.)

पण खरी गोष्ट ही की बहिष्कार टाका असं तिथले लोक स्वतः सांगत होते. १९५९ मध्ये वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली यांनी जगाला स्पष्ट सांगितलं की याची झळ आमच्याच माणसांना बसणार, पण रक्तपात लवकर संपणार असेल तर ती किंमत मोजायला आम्ही तयार आहोत. इराकमध्ये असं कोणी लोकांना विचारलं होतं?

आणि ऐकलं कुणी, तर आयर्लंडच्या डब्लिनमधल्या एका सुपरमार्केटमधल्या पोरींनी. जुलै १९८४, युनियनने सांगितलेलं की दक्षिण आफ्रिकेच्या मालाला हात लावायचा नाही, एक गिऱ्हाईक तिथली ग्रेपफ्रूट घेऊन काउंटरवर आलं आणि एकवीस वर्षांच्या कॅशियरने बिल करायला नकार दिला. तिला सस्पेंड केलं तशा तिच्या सहकारी बाहेर पडल्या, बहुतेक सगळ्या विशीतल्या, युनियनकडून मिळणाऱ्या तुटपुंज्या संपभत्त्यावर अडीच वर्षांहून जास्त काळ दुकानाबाहेर उभ्या राहिल्या. १९८७ ला आयर्लंड सरकारने दक्षिण आफ्रिकेच्या फळं-भाज्यांची आयातच बंद केली. काउंटरवरच्या एका नकारापासून देशाच्या आयात धोरणापर्यंत!

दणका मात्र बसला तो पैशाचा. १९८५ ला अमेरिकेच्या चेस मॅनहॅटन बँकेने दक्षिण आफ्रिकेची कर्जं पुढे चालू ठेवायला नकार दिला, मागोमाग बाकीच्या बँका, तिथलं चलन रँड कोसळलं आणि सरकारला परतफेड थांबवावी लागली. पुढच्या वर्षी अमेरिकन काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष रेगनचा व्हेटो झुगारून निर्बंधांचा कायदा केला. फेब्रुवारी १९९० मध्ये मंडेला तुरुंगातून सुटले. एकट्या निर्बंधांनी झालं असं मी म्हणत नाही, आतला लढा होता, संप होते, शीतयुद्धही संपत आलं होतं, पण धंदेवाल्या गोऱ्यांनाच जेव्हा वाटायला लागलं की हे आता परवडत नाही, तेव्हा चाकं फिरली.

आज हाच प्रश्न चीनमधल्या शिनजियांग प्रांताच्या कापसाचा आहे. जगातला साधारण पाचवा हिस्सा कापूस तिथला, आणि तिथे उइघुर या मुस्लिम अल्पसंख्याकांकडून सक्तीने काम करून घेतलं जातं. हा माल घेऊ नका असं परदेशात असलेल्या उइघुरांच्या संघटना स्वतः सांगतायत. अमेरिकेने २०२१ ला कायदा केला, त्यात माल सक्तीच्या मजुरीचा नाही हे आयात करणाऱ्याने सिद्ध करायचं. सूत निघताना चार ठिकाणचा कापूस एकत्र होतो, त्यामुळे माग काढणं अवघड आहे, मान्य, पण म्हणूनच पुराव्याची जबाबदारी व्यापाऱ्यावर टाकणं बरोबर आहे. असा कायदा आपल्याकडेही व्हायला हवा, कपड्यांचे भाव थोडे वाढले तरी चालतील.