एक ओळ, दोन फेऱ्या

सुलट-उलट टाके मी शाळेत असतानाच आईकडून शिकले. विणलेलं काहीही दाखवलं की ती आधी उलटं करून बघायची. त्या धाकाने हात बरा बसला, बरेच स्वेटर-मफलर झाले. त्यामुळे दोन रंगांची ब्रिओश शाल, म्हणजे उभ्या खांबांच्या जाडसर, फुगीर विणीची शाल, म्हणजे काय मोठंसं, असं वाटलं. तुळशीबागेतून मोरपिशी आणि मोतिया लोकर आणली, ४ मिलिमीटरची गोल सुई (लवचीक तारेने जोडलेली दोन टोकं) घेतली आणि पहिल्याच संध्याकाळी तीनदा उसवलं.

घोळ असा, की यात एकच ओळ दोनदा विणायची असते. मोरपिशीने एकाआड एक टाके सुलट विणायचे. मधले टाके न विणता नुसते सरकवायचे आणि सरकवताना त्यांच्यावर धागा आडवा टाकायचा. मग काम न फिरवता सगळे टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला ढकलायचे आणि मोतियाने ते सरकवलेले टाके आडव्या धाग्यासकट उलट विणायचे, बाकीचे सरकवायचे. मध्येच दाराची बेल वाजली की संपलं! आता फिरवायचं की ढकलायचं? चार-पाच दिवसांनी खूण सापडली. दोन्ही धागे एकाच टोकाला असतील तर ओळ पूर्ण, फिरवा. एक इकडे, एक तिकडे असेल तर ढकला.

साठाव्या ओळीच्या आसपास एक टाका निसटला आणि सात-आठ ओळी खाली धावला. क्रोशाच्या सुईने नेहमीसारखा एकेक धागा ओढत वर आणला, तर मोरपिशी खांबावर मोतिया पट्टे! पुन्हा खाली सोडला. मग दिव्याखाली धरून नीट पाहिलं, तेव्हा कळलं. मोतिया धागा विणायचा नाही, टाक्याशेजारी आकड्यावर नुसता घ्यायचा आणि मोरपिशी धागा दोन्हींमधून ओढायचा. एका टाक्याला पाऊण तास गेला. त्यानंतर दर दहा ओळींनी सगळ्या टाक्यांतून शिवणाचा दोरा ओवून ठेवायला लागले, म्हणजे उसवायची वेळ आलीच तर तिथपर्यंतच.

दोन महिन्यांनी टाके बंद केले, शाल भिजवली आणि पलंगावर टाचण्या लावून वाळवली.

आईने सवयीप्रमाणे ती उलटी केली. मोरपिशीच्या जागी मोतिया खांब, तेवढेच नीटस. पुन्हा पालटली. मग चष्मा लावून म्हणाली, "अगं, हिची सुलट बाजू कुठली?"