सुईच्या टोकाची तार

"माझ्या गुडघ्यातलं वंगण संपलंय," असं आई कित्येक वर्षं म्हणत आलीय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तरी तिला कधी नीट समजावून सांगितलं नाही. गेल्या महिन्यात तिचा उजवा गुडघा एका रात्रीत सुजला. डॉक्टरांनी सुईनं पाणी काढलं आणि तो नमुना माझ्याच टेबलावर आला. 40 मिलिलिटर! निरोगी गुडघ्यात ते जेमतेम 3-4 मिलिलिटर असतं. म्हणजे संपलं नव्हतंच, उलट दहापट झालं होतं.

या द्रवाला सायनोव्हियल फ्लुइड म्हणतात. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या स्विस वैद्यानं 'सायनोव्हिया' हा शब्द वापरला, आणि त्यात अंड्याच्या पांढऱ्या बलकाशी असलेलं साम्य दडलंय असं मानतात. निरोगी द्रव हातात घेतला की ते पटतं. फिकट पिवळा, इतका नितळ की नळीमागची छापील अक्षरं वाचता येतात. सुईच्या टोकातून थेंब सोडला तर तो टपकन पडत नाही, चार-पाच सेंटिमीटर लांब तार धरतो. मला शिकवणाऱ्या मॅडम कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी ही तार बघायला लावत.

तार येते हायलुरोनिक आम्लामुळे. सांध्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी ते तयार करतात, बाकीचा बराचसा भाग रक्तातून गाळून आलेला असतो. याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे सांधा स्थिर असताना हा द्रव घट्ट असतो आणि वेगानं हलवला की पातळ होतो. आणि त्याचं काम नुसतं घर्षण कमी करणं नाही. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टाकलं की कूर्चा दाबली जाते, उचललं की पुन्हा फुगते, आणि या द्रवातूनच तिला पोषण मिळतं.

सूज आली की अस्तरातल्या रक्तवाहिन्या गळू लागतात. पाणी वाढतं, हायलुरोनिक आम्ल विरळ होतं, तुटतंही. मग तार राहत नाही. आईचा थेंब पाण्यासारखा पडला. रंग गढूळ होता, मागची अक्षरं दिसत नव्हती.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली होती, ती अजून सलते. पांढऱ्या पेशी मोजायला रक्तासाठी वापरतो तोच ॲसेटिक आम्लाचा द्राव मी सांध्याच्या पाण्यात घातला. क्षणात गुठळी झाली. नमुना थोडासाच होता आणि त्या माणसाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. तेव्हापासून मी आम्लाऐवजी वापरायच्या सलाइनची बाटली आधी टेबलावर ठेवते, मगच नळीचं झाकण उघडते.

आईच्या नमुन्यात जंतू दिसले नाहीत. पेशी बऱ्याच होत्या. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशात काच ठेवली. गाउट, म्हणजे युरिक आम्ल साठून होणारा सांध्यांचा आजार, असता तर सुईसारखे युरेटचे स्फटिक दिसले असते, कॉम्पेन्सेटरच्या, म्हणजे प्रकाशाच्या वाटेत बसवलेल्या पट्टीच्या, अक्षाला समांतर असताना पिवळे. मला दिसले ते आखूड, चौकटीच्या आकाराचे, आणि समांतर असताना फिकट निळे. कॅल्शियम पायरोफॉस्फेट. म्हणजे गाउट नव्हे, त्याच्यासारखाच भासणारा दुसरा आजार. उतारवयात गुडघ्यात हे स्फटिक बऱ्याचदा सापडतात. 1961-62 च्या सुमारास अमेरिकी डॉक्टर डॅनियल मॅककार्टी आणि सहकाऱ्यांनी या दोन्ही स्फटिकांची ओळख पटवून दिली, तोवर दोन्ही आजारांची गल्लत व्हायची. काचेवर नजर खिळवून मी बराच वेळ बसले. इतकं बारीक काहीतरी, आणि त्यापायी ती दोन रात्री झोपली नव्हती.

संध्याकाळी तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे वंगण आहे, पण पातळ झालंय?"

"हो. आणि त्यात बारीक कच आलीय."

"मग इतकी वर्षं मी उगाच त्याला बोल लावत होते," म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवून बसली.