सहा महिन्यांची पावती

सकाळपासून प्रत्येक ग्रुपवर एकच विषय: कुलगुरूंचं फीवाढीवरचं निवेदन. खर्च वाढलेत, इलाज नाही, असा एकूण सूर. खर्च वाढतात हे मलाही मान्य आहे. पण दुपारी बेळगावच्या गणपत गल्लीत गेलो आणि त्या निवेदनाचा खरा अर्थ कळला.

खानापूरकडून भाजी घेऊन येणारी एक मावशी आहे. तिनं बटव्यातून लेकीच्या कॉलेजच्या फीची, चार घड्या घातलेली पावती काढली. सगळा मजकूर कन्नड आणि इंग्रजीत. "दादा, ही वर्साची हाय का सा म्हैन्याची?"

सहा महिन्यांची होती. सांगताना माझाच आवाज बसला. ती काही बोलली नाही, मेथीच्या पेंढ्यांवर पाणी शिंपडत राहिली.

११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत झाला. तिची लेक त्यावरच रोज बेळगावला येते. बसचे वाचलेले पैसे आता फीत घालायचे का? १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली ती अशाच घरांतल्या पोरांसाठी ना!

निदान हप्ते करून द्या हो. पावती मराठीतही द्या.

उद्या मायलेकींबरोबर कॉलेजच्या ऑफिसात जातोय. स्कॉलरशिपच्या अर्जाचं कुणाला नीट माहीत असेल तर आज रात्रीच फोन करा.