शमीच्या बिया आणि मिठाचं पाणी : दिवस १४

मागच्या जूनमध्ये बांधावरच्या शमीच्या शेंगा वेचून ठेवल्या होत्या. निम्म्या बियांना बारीक भोक, भुंगेरा आधीच जेवून गेलेला. निवडून शंभर धड निघाल्या.

इकडे लातूरला आमच्या बोअरचं पाणी इतकं खारं की बादलीला पांढरा थर बसतो. रोपं त्यावरच वाढवायची, म्हणून बी कुठवर मीठ सोसतं ते बघायला घेतलं.

शमीचं कवच दगडासारखं, नुसतं भिजवून भागत नाही. नेलकटरनं देठाच्या खुणेच्या उलट बाजूचा टवका उडवला. आतलं पिवळट दिसलं की थांबायचं, नाहीतर डाळ फुटते. (दोन फोडल्या. शंभरात धरल्या नाहीत.) मग चार डबे, टिशू पेपर, प्रत्येकी २५ बिया: एकात साधं, म्हणजे आरओ फिल्टरनं क्षार काढलेलं पाणी, बाकीच्यांत लिटरला ३, ६ आणि १२ ग्रॅम खडेमीठ. समुद्रात साधारण ३५ ग्रॅम असतं.

साध्या पाण्यातल्या बिया सकाळपर्यंत टम्म फुगल्या, चौथ्या दिवशी २१ मोड. ३ ग्रॅममध्ये २०, फक्त एक दिवस उशिरा. आमच्या बोअरला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लिटरला १४०० मिलिग्रॅम दाखवतो, म्हणजे लिटरला दीड ग्रॅमसुद्धा नाही. तेव्हा रुजवणीपुरती तरी काळजी मिटली. ६ ग्रॅममध्ये नवव्या दिवसापर्यंत १३, मुळं आखूड, टोकं तपकिरी. १२ ग्रॅममध्ये २.

पण हे शेवटचे दोन आकडे बादच धरा. डबे पत्र्याखाली होते, बाहेर ४२ अंश. कागद सुकला की मी त्याच मिठाच्या पाण्यानं ओला करायचो. पाणी उडून जातं, मीठ तिथंच राहतं! कागदाच्या कडेला पांढरे कण चमकले तेव्हा ट्यूब पेटली. तूट भरायची ती साध्या पाण्यानं, आणि डबा वजन करून, जेवढं उडालं तेवढंच.

१२ ग्रॅमच्या उरलेल्या २३ बिया उकिरड्यावर जाणार होत्या. नवव्या दिवशी सहज म्हणून तीनदा धुतल्या, आरओच्या पाण्यात टाकून आतल्या खोलीत ठेवल्या. मिठानं पाणी धरून ठेवलं होतं, बियांना ते ओढताच येत नव्हतं, मेल्या नव्हत्या. आज त्यातल्या ९ ना मोड आहेत. ५ बुरशीनं पिचपिचीत झाल्या, त्या काढल्या. उरलेल्या ९ बोटानं दाबल्या तर अजून टणक लागतात, म्हणून डबा हलवलेला नाही.