लॉची ॲडमिशन: तुम्ही विचारलंत म्हणून

कोर्टाच्या आवारात, लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर एक प्रश्न मला हमखास येतो. “मॅडम, लॉला ॲडमिशन घ्यायचीय, काय करावं लागतं?” विचारणारा कधी बारावीतला मुलगा असतो, कधी मुलीचे वडील, कधी पंधरा वर्षं एखाद्या वकिलाकडे टायपिंग करणारा माणूस. त्याला जोडूनच प्रवेश परीक्षेबद्दलचा दुसरा प्रश्न येतो, “सीईटी अवघड असते का हो?”

मी उलट विचारते, “कागद कुठे आहेत तुमचे?”

यामागे आमच्याच घरातली गोष्ट आहे. माझ्या धाकट्या भावानं तीन वर्षांच्या लॉची सीईटी दिली. मार्क चांगले पडले. घरात पेढे वाटले आणि आम्ही कॉलेजच्या यादीची वाट बघत बसलो. यादी लागली, तिच्यात त्याचं नाव नव्हतं. सीईटीचा फॉर्म वेगळा आणि प्रवेशाच्या फेऱ्यांसाठीची, म्हणजे कॅपची, नोंदणी वेगळी, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. निकालानंतर ती करायची राहिली आणि मुदत निघून गेली. मी तेव्हा रोज कोर्टात मुदतीचेच अर्ज लिहीत होते. त्याचं ते वर्ष गेलं, याची बोच मला अजून आहे. म्हणून कुणी विचारलं की मी घाईत उत्तर देत नाही.

आधी पात्रता बघा. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पदवीनंतर तीन वर्षांचा, आणि दोन्हींच्या सीईटी वेगवेगळ्या. वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमानं बारावीला किंवा पदवीला खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. वयाचं म्हणाल, तर तीस वर्षांची अट घालायचा प्रयत्न झाला होता, पण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. चाळिशीतल्या बायका मला दबक्या आवाजात “आता चालेल का?” विचारतात. चालेल. खुशाल फॉर्म भरा.

मुक्त विद्यापीठाच्या पदवीबद्दल मात्र नीट ऐका, कारण इथे फार गैरसमज आहे. आमच्याकडे एक ताई आल्या. बारावी झाल्याबरोबर लग्न, मग दोन मुलं, मग घरी अभ्यास करून मुक्त विद्यापीठाची बी.ए. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की ही पदवी लॉला चालत नाही. चालते. बारावी होऊन पुढची पदवी दूरशिक्षणानं घेतली असेल तर नियम आडवा येत नाही. त्याच महिन्यात आमच्याच कोर्टात एका वकिलांकडे काम करणारे एक कारकून आले. दावा कसा लिहायचा हे त्यांना अनेक नव्या वकिलांपेक्षा चांगलं कळतं. त्यांचीही मुक्त विद्यापीठाचीच बी.ए., पण ते बारावी न करता पूर्वतयारीची परीक्षा देऊन थेट पदवीला गेले होते. अशा पदवीला नियम पात्र धरत नाही. त्यांना हे सांगताना माझा आवाज लागेना. दहा वर्षांपूर्वी कुणी हे सांगितलं असतं तर त्यांनी आधी बारावी केली असती.

आता दाखले. जातीच्या दाखल्याबरोबर जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते महिने घेतं, म्हणून सीईटीच्या अभ्यासाला बसायच्याही आधी तो अर्ज करून टाका. नॉन क्रिमीलेअरवर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. त्यातलं साल बघा, गेल्या वर्षीचा दाखला घेऊन रडकुंडीला आलेल्या मुली मी पाहिल्यात. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत काढून ठेवा. अधिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, हे सगळं स्कॅन करून नुसतं मोबाईलवर नको, एका वेगळ्या जागीही ठेवा.

परीक्षेबद्दल थोडंच सांगते. राज्याची सीईटी मराठीतही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नका. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी मात्र क्लॅट ही देशपातळीवरची वेगळी प्रवेश परीक्षा लागते. ती फक्त इंग्रजीत, १२० प्रश्न, आणि चुकलं की पाव गुण जातो. तिथली फी वर्षाला लाखांत असते, हे आधीच घरात बोलून घ्या.

खरी गंमत ऑप्शन फॉर्मला, म्हणजे कॅपमध्ये कॉलेजं पसंतीच्या क्रमानं भरताना, येते. ‘इतक्या मार्कांना हे कॉलेज लागणारच नाही’ म्हणून लोक आवडीचं कॉलेज खाली टाकतात. असं करू नका. संगणक तुमची यादी वरून खाली बघत येतो आणि जिथे तुमचे मार्क पुरतात तिथे थांबतो. वर टाकल्यानं काही बिघडत नाही, खाली टाकल्यानं मात्र हातचं जाऊ शकतं. कितव्या पसंतीची सीट स्वीकारावीच लागते, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा, मागच्या वर्षीच्या मित्राला विचारू नका.

फेऱ्या लांबतात. पावसाळ्यात सुरू झालेलं प्रकरण कधी कधी दसरा-दिवाळीपर्यंत जातं. तेवढ्यात कुणीतरी येऊन सांगतं, “कशाला थांबता, थेट संस्थेच्या कोट्यातून घ्या.” पैशांची अडचण असेल तर निदान मुलींच्या बाबतीत तरी घाई करू नका. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. पण ती कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांनाच. एका वडिलांनी यादीची वाट न बघता पैसे भरले होते, मग माझ्यासमोर पावती धरून बसले. त्या पावतीचं मला काहीच करता आलं नाही.

त्या बारावीनंतर लग्न झालेल्या ताई आता दुसऱ्या वर्षाला आहेत. सकाळचा स्वयंपाक आटपून सव्वासातची एसटी धरतात, कारण ७० टक्के हजेरी लागते. माझ्या भावानं पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरला. कॅपची नोंदणी सुरू झाली त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं सेतू केंद्र उघडायच्या आधीच दारात उभे होतो.

तुम्हीही विचारलंत, तर आज संध्याकाळी एवढंच करा. बारावीची गुणपत्रिका घरात नेमकी कुठल्या कपाटात आहे ते शोधा, आणि तिच्यावरचं नाव आधार कार्डावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते बघा. जुळत नसेल तर उद्याच माझ्याकडे या.